भाडेकरू ते पाहुणा : गिरिस्थानांतील हंगामी बंगल्याचा इतिहास

डोंगरावर विश्रांतीसाठी एक घर बांधावे आणि आपण तेथे नसताना ते परक्यास अल्पकाळ देऊन त्यावर उत्पन्न मिळवावे, हा व्यवहार आज नवा मानला जातो. महाराष्ट्रात मात्र तो एकोणिसाव्या शतकातच रूढ झाला होता. महाबळेश्वर व माथेरान या दोन गिरिस्थानांच्या आधारे त्या व्यवहाराचे स्वरूप कसे पालटले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. या पालटाची खूण भाषेतही उमटलेली असल्यामुळे आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल.

‘बंगला’ हा शब्द मुळात बंगाल प्रांताच्या नावावरून आलेला. गवताने शाकारलेले, एकमजली, बंगाली धाटणीचे साधे घर असा त्याचा प्रारंभीचा अर्थ होता. सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी तो उचलला, आणि पुढे त्यांच्या राहणीबरोबर त्याचा अर्थ वाढत जाऊन मराठीत तो श्रीमंताच्या ऐसपैस घराचा वाचक झाला. ‘हंगाम’ हा फारसी शब्द. काळ, वेळ हा त्याचा मूळ अर्थ. ‘भाडे’ हे संस्कृत ‘भाटक’ या शब्दापासून आले असून वस्तू दुसऱ्याच्या उपयोगास दिल्याबद्दलचा मोबदला एवढाच त्याचा अर्थ आहे. बंगला, हंगाम आणि भाडे या तीन शब्दांत गिरिस्थानाचे जुने अर्थकारण सामावलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

जनरल लॉडविक हे १८२४ साली महाबळेश्वरच्या पठारावर गेले. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२९ साली, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी तह होऊन ही जागा इंग्रजांकडे आली व तिच्या बदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव छत्रपतींस मिळाले. तेथे वसलेल्या पेठेस माल्कमपेठ हे नाव पडले. आजारी गोऱ्या शिपायांस व अधिकाऱ्यांस हवापालट मिळावा, हा वसाहतीचा प्रारंभीचा हेतू. पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम येथे हलू लागला आणि घरांची मागणी दरवर्षी ठरावीक वेळी निर्माण होऊ लागली. गव्हर्नर येणार, त्यांच्यामागोमाग अधिकारी येणार, आणि अधिकाऱ्यांमागोमाग संस्थानिक व व्यापारी येणार, ही साखळी हाच बंगलेमालकाच्या उत्पन्नाचा आधार होता.

हा आधार त्याने स्वतः उभारलेला नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. महाबळेश्वरी १८३४ साली तुरुंग बांधण्यात आला व तो १८६४ पर्यंत चालू होता. त्यात चिनी व मलायी कैदी ठेवलेले असत. वसाहतीतील रस्त्यांच्या कामी कैद्यांचे श्रम लागले, आणि बटाटे व विलायती भाजीपाला यांची लागवडही कैद्यांनीच केली. वेण्णा तलाव १८४२ साली छत्रपती अप्पासाहेब महाराज यांच्या आज्ञेने झाला. रस्ता, भाजी आणि पाणी यांवाचून बंगल्यास भाडेकरू मिळाला नसता. परंतु बंगल्याच्या हिशेबात यांपैकी एकही बाब दिसत नाही.

माथेरानचा इतिहास याच सूत्राची दुसरी बाजू दाखवितो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर पाहिला. लोहमार्ग झाल्यावर मुंबईकरास पायथ्याचे नेरळ जवळ आले. पुढील चढ मात्र घोडा, पालखी वा पाय यांनीच करावा लागे. सर आदमजी पीरभाई यांच्या घराण्याने, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली, सुमारे १६ लक्ष रुपये खर्चून १९०७ साली नेरळ ते माथेरान अरुंद लोहमार्ग सुरू केला. महाबळेश्वर शासनाच्या मुक्कामाने वाढले, तर माथेरान मुंबईच्या व्यापारी वर्गाने, विशेषतः पारशी व बोहरा कुटुंबांनी, वाढविले.

आता भाड्याच्या कराराकडे वळू. महाबळेश्वरचे हंगाम दोन : मार्चअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचा मोठा, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरातील छोटा. दोन्ही मिळून दिवस शंभराच्या आसपास. उरलेले वर्ष घर रिकामे. महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; त्यामुळे जांभ्या दगडाच्या भिंतींस पावसाळ्यापूर्वी गवताची आच्छादने बांधणे, छप्पर शेकारणे आणि पावसानंतर बुरशी, वाळवी यांचा बंदोबस्त करणे हा खर्च भाडे मिळो वा न मिळो, करावाच लागे. तथापि करार बहुधा एका कुटुंबाशी महिन्याचा वा हंगामाचा असे. भाडेकरू आपला स्वयंपाकी, नोकरचाकर व पुष्कळसे सामान बरोबर आणी. मालक भिंती, छप्पर व लाकूडसामान देई. घर चालविण्याचे काम भाडेकरूचे असे. या अर्थाने मालकास मिळे ते शुद्ध ‘भाटक’ होते.

मोटारीच्या प्रसाराने हा करार ढिला झाला, आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर शनिवार-रविवारचा मुक्काम ही नवी रीत दृढ झाली. २००८ साली सान फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या मध्यस्थ व्यवस्थांनी एका रात्रीचा करारही सुलभ केला. एक साधा हिशेब करून पाहावा. वर्षातील ५२ आठवड्यांत प्रत्येकी दोन रात्री घर दिले तर १०४ रात्री होतात. म्हणजे रात्रींची संख्या जुन्या हंगामाएवढीच राहिली. परंतु पूर्वी त्यासाठी एक किंवा दोन करार लागत; आता ५२ लागतात. तेवढ्या वेळा अंथरुणे बदलणे, झाडलोट करणे, पाणी भरणे, जेवणाची सोय पाहणे आणि तक्रारींचे निवारण करणे आले. हे काम भाडेकरूकडून मालकाकडे, आणि मालक शहरात राहत असल्यामुळे प्रत्यक्षात स्थानिक राखणदाराच्या कुटुंबाकडे आले.

याच काळात ‘भाडेकरू’ हा शब्द मागे पडून ‘पाहुणा’ हा शब्द व्यवहारात शिरला. संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृत ‘पाहुण’ अशा मार्गाने आलेला हा शब्द. पाहुण्याने पैसे द्यावयाचे नसतात व कामही करावयाचे नसते, असा मराठी संकेत. नव्या रीतीत पैसे देणे आले, पण काम न करण्याचा पाहुण्याचा हक्क कायम राहिला. शब्द बदलला तो यासाठी की व्यवहारच बदलला होता. मालक ज्यास अद्याप ‘भाडे’ म्हणतो, त्यातील मोठा भाग आता वस्तूच्या उपयोगाचा मोबदला नसून सेवेचे मूल्य आहे. आणि ती सेवा बहुतांशी दुसराच कोणी करतो.

या परावलंबनाच्या मर्यादा अलीकडे स्पष्ट झाल्या आहेत. महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली व माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र ठरल्याने नव्या बांधकामावर निर्बंध आले. २००५ च्या अतिवृष्टीने उखडलेला माथेरानचा लोहमार्ग २००७ साली पुन्हा सुरू झाला. मोटारींस बंदी असलेल्या माथेरानात माणसांनी ओढावयाच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. ज्याच्या खांद्याच्या बळावर पाहुणा बंगल्यापर्यंत पोहोचत होता, त्याची दखल अशा रीतीने न्यायालयात घेतली गेली. बंगल्याच्या हिशेबात ती कधी घेतली गेली नव्हती.

गिरिस्थानी घर बांधून त्यावर उत्पन्न मिळविणे अयोग्य आहे, असे यावरून सुचवावयाचे नाही. परंतु असे घर ही ‘ठेव’ व त्याचे भाडे हे ‘व्याज’, ही उपमा ऐतिहासिक दृष्ट्या टिकत नाही. हंगामी कराराच्या काळात तिच्यात काही तथ्य होते. आजचा व्यवहार हा रोजच्या श्रमावर चालणारा धंदा आहे, आणि त्या श्रमाचे वेतन व सार्वजनिक पाण्या-रस्त्याचा वाटा जमाखर्चात मांडल्यावर जे उरेल, तेवढेच भाडे म्हणविण्यास पात्र आहे.