नाणी व पदकांची संग्रहनोंद

नाणी व पदके यांच्या संग्रहात नवीन वस्तू दाखल झाल्यावर तिचे वर्णन, मोजमाप, छायाचित्र आणि प्राप्तीचा इतिहास लिहून ठेवणे व तो तपशील इतर अभ्यासकांना उपलब्ध करून देणे, या पद्धतीला संग्रहनोंद म्हणतात. वस्तुसंग्रहालयांत हे काम दाखल-नोंदवहीच्या स्वरूपात होते. खाजगी संग्राहक त्यासाठी वही, नोंदपत्रे किंवा संगणकावरील तक्ते वापरतात.

नाणे हे इतिहासाचे समकालीन साधन मानले जाते. मात्र त्याचा पुरावा म्हणून असलेला उपयोग केवळ धातू व छाप यांवर अवलंबून नसतो. ते कोठे, कशासोबत आणि कोणत्या स्थितीत मिळाले, या माहितीला तितकेच महत्त्व असते. ही माहिती नाण्यावर कोरलेली नसते. ते संग्रहात येते त्या वेळी ती लिहिली गेली नाही, तर सहसा पुन्हा मिळत नाही.

महत्त्व : जोगळटेंभीचे उदाहरण

नोंदीचे मोल स्पष्ट करणारे महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जोगळटेंभीचा नाणेनिधी. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ साली चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची होती. त्यांवर राजाचा मुखवटा आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांतील लेख आहेत. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. एका बाजूस तीन शिखरांचा पर्वत, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह आहे. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या निधीचे वर्णन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ मध्ये प्रसिद्ध केले.

नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. राजमातेने पुत्राची केलेली ही प्रशंसा आहे, असा आक्षेप त्यावर घेता आला असता. नाणेनिधीने त्या विधानाला स्वतंत्र आधार दिला. पराभूत राजाचे चलन जेत्याने आपल्या छापानिशी पुन्हा व्यवहारात आणले होते, हे त्यावरून दिसून आले. निधीतील नाणी मोजदाद होण्यापूर्वीच सुटीसुटी विकली वा वितळवली गेली असती, तर एखाददुसरे पुनर्मुद्रांकित नाणे अपवाद म्हणून गणले गेले असते. निधीची एकूण संख्या आणि त्यातील पुनर्मुद्रांकित नाण्यांचे प्रमाण नोंदवले गेल्यामुळेच हा निष्कर्ष भक्कम ठरला.

नाण्याची नोंद

नाण्याच्या नोंदीत सामान्यतः पुढील बाबींचा समावेश होतो : धातू, वजन, व्यास, जाडी, आकार, कडेचे स्वरूप, दोन्ही बाजूंवरील चित्रे व लेख, राज्यकर्ता, टांकसाळ, वर्ष, आणि झीज किंवा इजा.

वजन ग्रॅममध्ये, शक्यतो दोन दशांश स्थळांपर्यंत दिले जाते. खरेखोटेपणाची प्राथमिक परीक्षा वजनावरूनच होते. उदाहरणार्थ, १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने काढलेला एकसमान रुपया एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन किंवा सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात अकरा-बारांश चांदी होती. झिजलेले नाणे या वजनापेक्षा थोडे हलके भरते. परंतु ते लक्षणीय जड किंवा फारच हलके भरल्यास बनावटीचा संशय येतो.

हाताने ठोकलेल्या नाण्यांत साचा हा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेर जाई. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा लेख असतो. परंतु प्रत्येक नगावर तो पूर्ण उमटलेला नसतो. अशा वेळी प्रत्यक्ष दिसणारी अक्षरे आणि अनुमानाने पूर्ण केलेली अक्षरे नोंदीत वेगळी दाखवण्याचा प्रघात आहे. अनुमानित अक्षरे चौकटी कंसात लिहितात. शिवराई दीर्घकाळ आणि अनेक ठिकाणी पाडली गेल्याने तिच्यात अक्षरवळण, ओळींची मांडणी व चिन्हे यांचे पुष्कळ प्रकार आढळतात. ‘शिव’ऐवजी ‘सिव’ असे लेखन असल्यास ते दुरुस्त न करता जसेच्या तसे उतरवले जाते, कारण प्रकार ठरवताना हेच भेद उपयोगी पडतात.

नाण्यावरील नाव आणि नाणे पाडणारी सत्ता या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात. मराठ्यांच्या ताब्यातील टांकसाळींत पाडलेल्या रुपयांवर मुघल बादशहाच्या नावाचा फार्सी लेख असे; टांकसाळीची ओळख अंकुशासारख्या चिन्हावरून पटते. ईस्ट इंडिया कंपनीनेही १८३५ पूर्वी बादशहाच्या नावाने रुपये पाडले. म्हणून ‘लेखातील नाव’ आणि ‘प्रत्यक्ष सत्ता’ यांचे रकाने स्वतंत्र ठेवणे आवश्यक असते.

आधुनिक भारतीय नाण्यांत टांकसाळीचे चिन्ह वर्षाच्या अंकाखाली असते. मुंबईच्या नाण्यांवर हिऱ्याचे, हैदराबादच्या नाण्यांवर ताऱ्याचे व नोएडाच्या नाण्यांवर ठिपक्याचे चिन्ह दिसते, तर कोलकात्याच्या नाण्यांवर चिन्ह नसते. हे चिन्ह नोंदवले नाही, तर एकाच वर्षाची व मूल्याची भिन्न नाणी एकच समजली जाण्याची शक्यता असते.

दोन्ही बाजूंच्या छापांची परस्पर दिशा हीदेखील नोंदीची बाब आहे. नाणे उभ्या अक्षाभोवती, म्हणजे पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवल्यावर मागील छाप सरळ दिसत असेल, तर त्या मांडणीस पदक-मांडणी म्हणतात. तो उलटा दिसत असेल, तर त्या मांडणीला नाणे-मांडणी असे नाव आहे. सध्याच्या भारतीय नाण्यांत पहिली, तर अमेरिकेच्या नाण्यांत दुसरी पद्धत आढळते.

पदकाची नोंद

नाणे हे हजारो सारख्या नगांपैकी एक असते; लष्करी पदक मात्र अनेकदा एका विशिष्ट व्यक्तीचे असते. पहिल्या महायुद्धातील सेवेबद्दल देण्यात आलेल्या चांदीच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. या युद्धात भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते. कुत-अल-अमाराच्या १९१५-१६ मधील वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. चांदीची असल्यामुळे अशी अनेक पदके नंतरच्या काळात वितळवली गेली. ज्या सैनिकांची अन्य कागदपत्रे उपलब्ध नाहीत, त्यांच्या बाबतीत पदकाची कड हाच एक शिल्लक दुवा असू शकतो. त्यामुळे कडेवरील मजकूर अक्षरशः, रोमन लिपीतील तत्कालीन स्पेलिंगसह उतरवून घेतात आणि त्याचे स्वतंत्र छायाचित्र काढतात.

एकाच सैनिकाची पदके एकत्र मिळाली असल्यास तो संच विभागू नये, असा संकेत आहे. संचातील एखादे पदक वेगळे विकले गेले, तर सैनिकाच्या सेवेचा क्रम तुटतो. बाजारमूल्य वाढवण्यासाठी कडेवरील मूळ नाव घासून त्या जागी दुसरे नाव कोरण्याचे प्रकार घडतात. घासल्यामुळे व्यास किंचित कमी होत असल्याने पदकाचा व्यास काटेकोरपणे मोजणे उपयुक्त ठरते.

पदकाच्या नोंदीत फीत, तिचे रंग आणि लटकवण्याची दांडी यांचेही वर्णन असते. उदाहरणार्थ, २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेले परमवीर चक्र हे कांस्याचे वर्तुळाकार पदक असून त्यावर मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत. त्याची फीत जांभळ्या रंगाची आहे. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली होती.

प्राप्तीचा इतिहास

वस्तू कोणाकडून, केव्हा व कोणत्या मार्गाने आली, याची साखळी म्हणजे प्राप्तीचा इतिहास होय. वारसा, भेट, खरेदी, लिलाव किंवा देवाणघेवाण यांपैकी मार्ग कोणता, हे लिहून पावती जोडली जाते. विक्रेत्याने सांगितलेले प्राप्तिस्थळ ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार’ असेच लिहावे लागते. ते सिद्ध झालेले तथ्य मानले जात नाही.

वापराच्या खुणाही या इतिहासाचा भाग असतात. महाराष्ट्रात पुतळ्यांची माळ हा सोन्याचा पारंपरिक दागिना आहे. त्यातील पुतळी ही मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यावरून व त्याच्या भारतीय अनुकरणांवरून आलेली आहे. अशा नाण्यावरील भोक, जोडलेली कडी किंवा डाख यांना बाजारात दोष समजतात. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्या नाण्याच्या दुसऱ्या आयुष्याच्या खुणा आहेत.

स्वच्छता व जतन

संग्रहात आलेली वस्तू प्रथम आहे त्याच स्थितीत टिपली जाते. तांब्याची भांडी चिंचेने किंवा लिंबाने घासण्याची घरगुती रीत नाण्यांना हानिकारक ठरते. आम्लामुळे पृष्ठभागावरील स्थिर झालेला थर निघून जातो आणि बारीक अक्षरे नष्ट होतात. चांदीवरील काळसर झाकही घासून काढली जात नाही. पीव्हीसी या प्लास्टिकच्या मऊ पाकिटांतून कालांतराने बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो. म्हणून आम्लरहित कागदाची किंवा पॉलिएस्टरची पाकिटे वापरतात. नाणे नेहमी कडेवर धरून हाताळले जाते.

छायाचित्रण व प्रसिद्धी

दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच प्रमाणात, मोजपट्टीसह आणि तिरप्या प्रकाशात घेतली जातात. तिरप्या प्रकाशामुळे झिजलेली अक्षरे उठून दिसतात. रंग वा कडा सुधारलेले चित्र अभ्यासास निरुपयोगी ठरते.

नवीन भर इतरांना दाखवण्याचा मुख्य लाभ तुलनेचा आहे. दोन नाणी एकाच साच्यातून निघाली आहेत का, हे वेगवेगळ्या संग्रहांतील छायाचित्रे शेजारी ठेवूनच कळते. बनावट नाणी ओळखण्यासही हीच पद्धत उपयोगी पडते. हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांवर छापाबरोबरच ओरखडे, टवके आणि चकतीची कड हीसुद्धा तंतोतंत सारखी असतील, तर त्यांतील निदान एक तरी ओतीव नक्कल असते. शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनासारख्या दुर्मीळ नाण्यांच्या नकला प्रचारात असल्याने अशी तुलना विशेष महत्त्वाची आहे. चोरीस गेलेल्या वस्तूची ओळख पटवण्यासही पूर्वी प्रसिद्ध झालेले छायाचित्र उपयोगी पडते. सुरक्षिततेसाठी संग्रहाचे ठिकाण व मालकाचा पत्ता मात्र प्रसिद्ध केला जात नाही.

कायदेशीर तरतुदी

१८७८च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास शोधकाने जिल्हाधिकाऱ्यास लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. या सूचनेत निधीचे स्वरूप, अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण व दिनांक यांचा उल्लेख करावा लागतो. अशी सूचना न देणे हा शिक्षापात्र गुन्हा असून शोधक निधीवरील हक्कही गमावतो. शासनाने निधी संपादित केल्यास धातूचे मूल्य व त्याचा एक-पंचमांश अधिक अशा मोबदल्याची तरतूद आहे.

१९७२चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार शंभर वर्षांपेक्षा कमी जुने नसलेले नाणे पुरावशेषांत मोडते. पुरावशेषांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. प्राप्तीच्या इतिहासाची नोंद संग्राहकास कायद्याच्या दृष्टीनेही संरक्षण देते.

महाराष्ट्रातील अभ्याससाधने

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय मुंबईत २००४ मध्ये सुरू झाले. नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था असून नाणकशास्त्रज्ञ परमेश्वरीलाल गुप्त हे तिच्या उभारणीशी निगडित होते. नवीन मिळालेल्या नाण्याचा प्रकार निश्चित करण्यासाठी अशा संस्थांतील संग्रह व त्यांच्या प्रसिद्ध सूची यांचा आधार घेतला जातो.