मंगलदोईची मतदार यादी

मतदार यादी म्हणजे शेवटी एक टेबलच. नाव, वय, पत्ता, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. दिवसभर डेटाबेसशी झटापट करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात थरारक असं काय दिसणार? पण अशाच एका यादीवरून आसाम सहा वर्षं धगधगत होता. त्यात हजारो माणसं मेली आणि शेवटी कॉलेजची पोरं हॉस्टेलवरून थेट मंत्रिमंडळात जाऊन बसली. या वीकेंडला तीच गोष्ट.

१९७९ साली मंगलदोईचे खासदार हिरालाल पटवारी वारले. पोटनिवडणूक लागणार म्हणून याद्या तपासायचं काम सुरू झालं आणि हजारो नावांवर ‘हा परदेशी आहे’ अशा हरकती आल्या. सुनावण्या झाल्या आणि त्यातली बरीच नावं खरंच बेकायदा ठरली. त्याआधी १९७८ मध्येच मुख्य निवडणूक आयुक्त शकधर यांनी ईशान्येतल्या याद्यांत परदेशी नावं घुसल्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. मग काय, एका मतदारसंघात एवढी तर राज्यात किती, हा प्रश्न घरोघरी पोचला. ८ जून १९७९ ला आसू या विद्यार्थी संघटनेनं राज्यभर बंद पुकारला. गंमत म्हणजे लोकसभाच विसर्जित झाल्यामुळे ती पोटनिवडणूक कधी झालीच नाही!

आता तुम्ही म्हणाल, परदेशी आहेत ना, मग काढा नावं. इतकं सोपं असतं तर हवं काय होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मैमनसिंगसारख्या पूर्व बंगालच्या जिल्ह्यांतले शेतकरी ब्रह्मपुत्रेकाठच्या गाळाच्या जमिनीवर येत होते. इंग्रजांना शेतसारा हवा होता आणि मधे सीमा नव्हतीच, त्यामुळे ते येणं बेकायदा नव्हतं. पुढे फाळणीनंतर हिंदू निर्वासित आले. १९७१ च्या युद्धाच्या वेळी आणखी लोंढे आले आणि काही लोक नंतरही येत राहिले. म्हणजे एकाच भागात चार काळात आलेली माणसं, भाषा एक, आडनावं सारखी आणि कागदपत्रं मात्र पुरात वाहून गेलेली. सांगा, क्वेरी काय लिहिणार?

मूळ असमियांची भीतीही खोटी नव्हती. आपल्याच राज्यात आपण अल्पसंख्य होऊ, जमीन जाईल, भाषा जाईल असं त्यांना वाटत होतं. आपल्या यादीत कोण आहे हे विचारायचा हक्क कुठल्याही समाजाला आहेच. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या १४ पैकी १२ जागांवर मतदानच होऊ शकलं नाही, इतका आंदोलनाचा जोर होता.

खरा घोळ १९८३ चा. राष्ट्रपती राजवटीची वर्षाची मुदत संपत आली होती. घटनादुरुस्ती करा नाहीतर निवडणूक घ्या. सरकारनं निवडणूक घेतली, आणि तीसुद्धा वादग्रस्त जुन्याच यादीवर. आंदोलकांनी बहिष्कार टाकला. त्यामुळे मतदानाला जाणारा तो ‘परका’ असं साधं समीकरण होऊन बसलं. १८ फेब्रुवारीला नेल्ली आणि आसपासच्या गावांवर हल्ला झाला. सकाळी सुरू होऊन काही तासांत संपला. सरकारी आकड्यांनुसारच १,८०० हून जास्त माणसं मेली, बहुतेक बंगाली मूळ असलेले मुसलमान, आणि त्यात बायका-मुलं फार. प्रत्येक मृतामागे ५,००० रुपये भरपाई मिळाली. शिक्षा कुणालाही झाली नाही. यादी न दुरुस्त करता निवडणूक रेटली की काय होतं, याचं याहून भयंकर उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी आयएमडीटी कायदा आला. बाकी देशात १९४६ च्या कायद्यानुसार, ‘मी परदेशी नाही’ हे ज्याच्यावर संशय आहे त्यानं सिद्ध करायचं. आसामात मात्र उलटं, आरोप करणाऱ्यानं सिद्ध करायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच देशात दोन डिफॉल्ट व्हॅल्यू! आणि डिफॉल्ट काय ठेवता यावरच तर सगळा निकाल ठरतो.

१५ ऑगस्ट १९८५ ला राजीव गांधींच्या काळात आसाम करार झाला. २५ मार्च १९७१ किंवा त्यानंतर आलेल्यांना बाहेर काढायचं. १९६६ पासून त्या तारखेपर्यंत आलेल्यांची नावं यादीतून दहा वर्षं वगळायची. डिसेंबरात निवडणूक झाली. दोनच महिन्यांच्या आसाम गण परिषदेनं सत्ता घेतली आणि तिशीतले प्रफुल्लकुमार महंत मुख्यमंत्री झाले. त्याच निवडणुकीत करारानं धास्तावलेल्यांची युनायटेड मायनॉरिटीज फ्रंटही १७ जागा घेऊन गेली.

पुढेही हाच पॅटर्न. आसूचे माजी अध्यक्ष सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आयएमडीटी रद्द केला. त्याच वर्षी बद्रुद्दीन अजमल यांचा पक्ष निघाला आणि २००६ मध्ये त्यानं १० जागा जिंकल्या. २०१६ मध्ये सोनोवाल स्वतः मुख्यमंत्री झाले. म्हणजे एका निकालातून दोन्ही बाजूंचं राजकारण उभं राहिलं.

मला यातून दिसतं ते असं. घुसखोरीचा निवडणुकीवर परिणाम होतो तो फक्त खोट्या मतांनी नाही. शंकाही मतं फिरवते, कधी कधी जास्तच. १९९७ पासून ज्यांच्या नावापुढे ‘डी’ म्हणजे संशयित अशी खूण लागली, त्यांचा मतदानाचा हक्क निकाल लागायच्या आधीच थांबला. २०१९ मध्ये एनआरसी आली. ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९ लाख बाहेर राहिले. त्यात हिंदूही होते, मुसलमानही. काहींना हा आकडा फार कमी वाटला, काहींना भयानक. समाधान कुणाचंच झालं नाही.

यादी स्वच्छ हवी, यात वाद नाही. पण ते काम निवडणुकीच्या बरंच आधी आणि सुनावणीची पूर्ण संधी देऊन व्हायला हवं. आपण टेबलमधली चुकीची रो डिलीट केली तर बॅकअप असतो. चुकून परका ठरलेल्या माणसाला कुठला आलाय बॅकअप?