तळटीप : स्वराज्याच्या उंबरठ्यावरची कादंबरी

‘इतवारीत स्वराज्याच्या वाटण्या चालल्या होत्या’ : इतवारी ही नागपूरची जुनी बाजारपेठ, सराफा, कापड आणि किराणा यांची. स्वातंत्र्यापूर्वी नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते. प्रांत हिंदी-मराठी असा द्वैभाषिक, त्यामुळे स्वराज्यात आपण कुठल्या प्रांतात जाणार, हा इथल्या मराठी माणसाचा घरचा प्रश्न होता. नागपूरकर ग. त्र्यं. माडखोलकर यांनी ‘मुक्तात्मा’पासून (१९३३) चालू राजकारण मराठी कादंबरीत आणले; नायक-नायिकेच्या प्रेमाबरोबरच उद्याचा देश कसा असावा, याचा वाद तिथे रंगू लागला. १९४४पासून ते ‘तरुण भारत’चे संपादक होते. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच. सर्व मराठी भाषकांच्या एका प्रांताचा, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा, ठराव तिथेच झाला. कादंबरीतला वाद असा प्रत्यक्ष नकाशापर्यंत पोचला. ८ ऑगस्ट १९४७च्या अकोला करारात संयुक्त महाराष्ट्रात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत, असे ठरले. तेव्हा स्वातंत्र्य आठवड्यावर आले होते. या कादंबऱ्यांतली भाकिते खरी ठरली की नाही, एवढेच पाहणे अपुरे आहे. त्या पिढीने स्वराज्याकडून काय मागितले, हे त्यांतून कळते. म्हणून त्या आजही वाचायला हव्यात.