रिपोर्टवरचा दुसरा आकडा

परवा काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचे रक्ताचे रिपोर्ट आणले. साखर, हिमोग्लोबिन वगैरे झाल्यावर खाली एक ओळ होती - 'एचआयव्ही १ व २ : नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह'. काकांनी चष्मा सारखा करत विचारलं, "हे एक आणि दोन काय रे? दोनदा तपासलं की काय?"

"काही नाही हो काका, ते तसं छापलेलंच असतं," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. मग वाचत बसलो, आणि त्या दोनच्या आकड्यामागे केवढी गोष्ट आहे ते कळलं.

१९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एड्सचा विषाणू सापडला. १९८५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत रक्तचाचणीला परवानगी मिळाली. ही चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. प्लेटवर विषाणूची प्रथिनं चिकटवलेली असतात, त्यावर रक्तातला द्रव सोडायचा. प्रतिपिंडं असली तर ती तिथे चिकटतात आणि पुढे रंग येतो. म्हणजे प्लेटवर ज्या विषाणूची प्रथिनं, त्याचाच शोध. सगळ्यांना वाटलं, झालं काम.

त्याच वर्षी लिस्बनच्या एगास मोनिझ हॉस्पिटलमध्ये पश्चिम आफ्रिकेतून आलेले काही पेशंट होते. लक्षणं सगळी एड्सची, आणि चाचणी निगेटिव्ह! आता अशा वेळी माणूस काय करतो? यंत्रावर विश्वास ठेवतो आणि पेशंटला 'दुसरं काहीतरी असेल' म्हणतो. मारिया ओडेट सांतुश फेरेरा या प्राध्यापक बाईंनी तसं केलं नाही. त्या रक्ताचे नमुने घेऊन पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. तिथे फ्रांस्वा क्लावेल आणि सहकाऱ्यांनी त्यातून एक वेगळाच विषाणू वेगळा काढला. १९८६ मध्ये तो शोध छापून आला. हाच एचआयव्ही-२.

तिकडे सेनेगलमध्ये डाकारला सुलेमान म्बूप आणि हार्वर्डच्या फिलिस कँकी, मॅक्स एसेक्स या मंडळींना वेगळीच गंमत दिसली होती. तिथल्या काही वेश्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं माणसाच्या विषाणूपेक्षा माकडांच्या विषाणूशी जास्त जुळत होती. हे निरीक्षण अगदी बरोबर होतं. पण त्यांनी वेगळा काढलेला 'नवा' विषाणू मात्र प्रयोगशाळेतल्या माकडांचाच, नमुन्यात मिसळलेला निघाला! १९८८ मध्ये हे उघड झालं. शहाण्यासुरत्या प्रयोगशाळांतही असं होतं.

पुढे कळलं की पहिला प्रकार चिंपांझीकडून माणसात आला आणि दुसरा सूटी मँगबी नावाच्या माकडाकडून. दोघं चुलत भावांसारखे. आतली प्रथिनं बरीच मिळतीजुळती, बाहेरच्या आवरणाची मात्र वेगळी. म्हणून पहिल्या प्रकारासाठी केलेल्या चाचणीत दुसऱ्याचे बरेच पेशंट सापडायचे, पण काही निसटायचे. निसटलेलं रक्त कोणाला दिलं गेलं तर? अमेरिकेत १९९२ पासून दात्यांचं रक्त दोन्हींसाठी तपासणं सक्तीचं झालं.

आणि आपल्याकडे? १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये भारतातल्या एचआयव्ही-२ बद्दल छापून आलं, आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र आणि गोव्यातल्या नमुन्यांवरचा लेख आला. त्यात पुष्कळ नमुने दोन्ही चाचण्यांत पॉझिटिव्ह होते. आता हे खरंच दोन विषाणू, की एकाचीच प्रतिपिंडं दोन्हीकडे चिकटली? चुलत भावांचा घोळ तो हाच. त्यासाठी आवरणाची प्रथिनं वेगवेगळी मांडून बघावी लागतात, नाहीतर पीसीआरने थेट विषाणूची जनुकं शोधावी लागतात.

तुम्ही म्हणाल, कोणता का असेना, रोग तोच ना? मलाही तसंच वाटत होतं. पण दुसरा प्रकार हळू वाढतो, कमी पसरतो, आणि मुख्य म्हणजे नेव्हिरॅपिन, एफाव्हिरेन्झ ही औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. १ एप्रिल २००४ ला आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू झाली, तेव्हा नेव्हिरॅपिन हे त्यातलं नेहमीचं औषध होतं. म्हणजे रिपोर्टवर चुकीचा आकडा पडला तर माणूस नेमाने गोळ्या घेणार, आणि त्यातली एक नुसतीच पोटात जाणार. वर पहिल्या प्रकारासाठीची 'व्हायरल लोड' चाचणी केली तर तीही सांगणार, विषाणू दिसत नाही, सगळं उत्तम! अलीकडचं डोल्युटेग्रॅविर दोन्हींवर चालतं, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. तरी दुसऱ्याच्या पेशंटवर लक्ष ठेवायला त्याची वेगळी चाचणी लागतेच.

मला राहून राहून लिस्बनचे ते पेशंट आठवतात. 'निगेटिव्ह' म्हणजे 'काही नाही' असं आपण सर्रास धरतो. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की जे विचारलं ते सापडलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर कुठलंच यंत्र देत नाही. त्यासाठी कागद बाजूला ठेवून समोरच्या माणसाकडे बघणारं कोणीतरी लागतं.

असो. काल काकांना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे उद्या 'व ३' पण येईल?"

खरं सांगतो, याचं उत्तर मला देता आलं नाही.