कुंडीतील कंदपुष्पे : सातारा व सांगली जिल्हे

जमिनीखालील मांसल कंदात अन्न साठवून प्रतिकूल ऋतू सुप्तावस्थेत काढणाऱ्या व अनुकूल काळ येताच फुलणाऱ्या वनस्पतींची उघड्यावरील कुंड्यांत केलेली लागवड. यूरोपात वसंतात फुलणाऱ्या ट्यूलिप, हायसिंथ इ. वनस्पतींना फुलण्यापूर्वी सु. १२ ते १६ आठवडे थंडी लागते. सातारा-सांगलीकडे ती पुरेशी मिळत नाही. त्यामुळे शीतगृहात ठेवून आणलेले त्यांचे कंद एकदा फुलतात, पण पुढील वर्षी सहसा फुलत नाहीत. सह्याद्रीतील कंदांची विश्रांती मात्र कोरड्या ऋतूत होते व वळवाच्या सरींनी संपते. म्हणून येथील कंदपुष्पांचा खरा वसंत मे-जूनमध्ये येतो.

इतिहास : महाबळेश्वर १८२९ मध्ये सातारा राज्याकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आले व तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. या परिसरातील वनस्पतींचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात वाढत गेला. सुप्तावस्थेतील कंद पाण्याविना दीर्घ प्रवास सहन करतो. त्यामुळे जिवंत वनस्पती दूरच्या उद्यानांत पाठविण्यास तो सोयीचा असे. नागदवण्याच्या प्रजातीतील क्रायनम ब्रॅकिनेमा या जातीचे वर्णन विल्यम हर्बर्ट यांनी १८४२ मध्ये केले. पुण्यात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करणारे जी. मार्शल वुडरो यांच्या नावाची क्रायनम वुड्रोई ही जाती जे. जी. बेकर यांनी १८९८ मध्ये वर्णिली. ती लंडनजवळील क्यू उद्यानात वाढविलेल्या झाडावरून विज्ञानास ज्ञात झाली. मूळ भूमीत मात्र ती दीर्घकाळ नजरेआड राहिली. शंभराहून अधिक वर्षांनी, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, संशोधकांना ती महाबळेश्वरजवळील केट्स पॉइंट येथे पुन्हा आढळली.

महत्त्व : या प्रजातीचे बी मांसल असून पक्व होताच रुजू लागते. धान्याच्या बियांप्रमाणे ते वाळवून बीजपेढीत साठविता येत नाही. परिणामी जिवंत झाड राखणे हाच तिच्या जतनाचा प्रमुख मार्ग ठरतो व कुंडीला केवळ शोभेपलीकडचे महत्त्व येते. कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) वनस्पती उद्यानात सह्याद्रीतील प्रदेशनिष्ठ वनस्पतींचे असे जतन केले जाते. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात.

लागवड : खोल मातीची कुंडी घेऊन तळाच्या भोकावर खापऱ्या ठेवतात. तांबडी माती, जाड वाळू व कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण भरून कंदाची मान मातीच्या वर राहील असा तो लावतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो, तेथे पाणी साचून कंद कुजू नये म्हणून कुंडी विटांवर उचलून ठेवावी लागते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत मात्र पावसाळ्यातही उघडीप लांबल्यास पाणी द्यावे लागते. पावसाळ्यानंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करीत जाऊन बंद करतात व कुंडी वळचणीस कोरडी ठेवतात. या काळात दयेने घातलेले पाणीच कंदास घातक ठरते. मांसल मुळे दुखावल्यास फुलोरा लांबतो, म्हणून कुंडी वारंवार बदलत नाहीत.

मर्यादा : कुंडीत झाड टिकते, परंतु त्याच्या परागणास लागणारे कीटक, जांभ्याच्या पठारावरील उथळ माती व नैसर्गिक विविधता टिकत नाही. उत्पत्तिस्थानाची नोंद नसलेल्या कंदाचे शास्त्रीय मोलही उणे होते. कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत झाला. सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्याच्या पश्चिमेस चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. अशा अधिवासांतून कंद उपटून आणणे म्हणजे जतनाच्या नावाखाली ऱ्हासच होय. लागवडीसाठी उद्यानात बियांपासून वाढविलेली रोपेच वापरणे इष्ट ठरते.