संस्थांतर्गत अत्याचाराच्या तक्रारी आणि त्रयस्थ तज्ज्ञाचा प्रश्न : कोल्हापूर प्रकरण (१८८१-८३) ते अंतर्गत समितीतील बाह्य सदस्य

प्रस्तावना

ज्या संस्थेच्या ताब्यात किंवा अधिकाराखाली व्यक्ती असते, त्याच संस्थेविरुद्ध तिची तक्रार असेल तर ती कोणी ऐकावी? महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात हा प्रश्न राजवाडा, तुरुंग, कारखाना आणि महाविद्यालय अशा परस्परांहून भिन्न ठिकाणी उपस्थित झालेला दिसतो. आज शिरोळसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयालाही आपल्या अंतर्गत समितीवर एक बाहेरचा सदस्य घ्यावा लागतो. ही तरतूद बहुतेक ठिकाणी नॅकच्या फाइलमधील एक कागद म्हणून ओळखली जाते. तिच्यामागे मात्र दीर्घ आणि काही अंशी कटू असा इतिहास आहे. त्यातील काही टप्प्यांच्या आधारे त्रयस्थ तज्ज्ञाचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कशावर अवलंबून असते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कोल्हापूर प्रकरण : त्रयस्थाची अनुपस्थिती

छत्रपती राजाराम महाराजांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन झाले. त्यानंतर १८७१ मध्ये दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन असल्याने संस्थानचा कारभार ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालला. पुढे महाराजांना वेड लागल्याचे सांगण्यात येऊ लागले आणि त्यांच्याभोवती युरोपियन देखरेखदारांचा पहारा बसला. महाराजांचा छळ होत असल्याची वार्ता पुण्यापर्यंत पोहोचली, तेव्हा १८८१ च्या आरंभी सुरू झालेल्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठविली. या टीकेला बर्वे यांची म्हणून समजल्या गेलेल्या काही पत्रांचा आधार होता.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रे खरी ठरली नाहीत. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही १७ जुलै १८८२ रोजी टिळक व आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. शिक्षेत सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. आगरकरांनी या १०१ दिवसांवर लिहिलेले पुस्तक सर्वपरिचित आहे.

मराठी इतिहासलेखनात या घटनेकडे बहुधा टिळक-आगरकरांच्या पहिल्या कारावासाची कथा म्हणूनच पाहिले गेले. तिची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. न्यायालयासमोर प्रश्न होता तो पत्रांच्या खरेपणाचा आणि कारभाऱ्याच्या अब्रूचा. महाराजांना कसे वागविले जाते, हा त्या खटल्याचा विषय नव्हता. महाराजांना एकांतात भेटून, त्यांची प्रकृती तपासून, संस्थान आणि वृत्तपत्रे या दोहोंपासून अलिप्त राहून आपले मत देईल असा कोणी त्या खटल्याच्या चौकटीत नव्हता. परिणामी दोन्ही पक्षांची हानी झाली. बनावट पत्रांमुळे बर्वे यांच्यावर अन्याय झाला. दुसरीकडे पत्रे बनावट ठरल्याने मूळ तक्रारही निराधार असावी, असा समज पसरण्यास वाव मिळाला. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ग्रीन या देखरेखदार गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. ज्याच्या ताब्यात रुग्ण होता, त्याच्याच हातून हा शेवट झाला. पुढच्या वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक येऊन शाहू महाराज झाले. त्यांच्या तेजस्वी कारकिर्दीत हे प्रकरण मागे पडले, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

मुंबई मध्यवर्ती कारागृह, १९८२ : समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका तुरुंगात

त्रयस्थ तज्ज्ञ म्हणजे काय, याचे स्पष्ट उदाहरण शंभर वर्षांनी मुंबईतच घडले. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिकेचे रूप दिले. पुढे न्यायालयाने जे केले ते विशेष लक्ष देण्याजोगे आहे. चौकशी पोलीस खात्याकडे किंवा तुरुंग खात्याकडे न सोपविता मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना ती सांगण्यात आली. (समाजशास्त्रज्ञ अ. र. देसाई ते वेगळे.) त्यांनी तुरुंगात जावे, स्त्री कैद्यांशी अन्य कोणीही उपस्थित नसताना बोलावे आणि अहवाल थेट न्यायालयाला द्यावा, असा आदेश होता. तुरुंग प्रशासनाकडे केवळ सोयी पुरविण्याचे काम राहिले.

नियुक्ती, प्रवेश आणि अहवाल या तिन्ही गोष्टी संस्थेच्या हाताबाहेर ठेवल्या गेल्याने या चौकशीचे फळ तक्रारीपेक्षा मोठे निघाले. मारहाणीची तपासणी करण्यास गेलेल्या अभ्यासिकेला कैद्यांना कायदेशीर साहाय्य मिळत नाही, ही मुळाशी असलेली उणीव आढळली. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्या. भगवती यांच्या पीठाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच स्त्रियांची चौकशी, सत्र न्यायाधीशांच्या अचानक भेटी आणि अटकेतील व्यक्तीचे हक्क सांगणारी मराठी, हिंदी व इंग्रजी पत्रके प्रत्येक कोठडीत लावणे असे निर्देश महाराष्ट्र शासनाला दिले. एका महाविद्यालयीन अध्यापिकेच्या अहवालातून कोठडीच्या भिंतीवर मराठीतून हक्कांची पत्रके लावण्याचा आदेश निघावा, ही घटना अध्यापकवर्गाने आवर्जून स्मरणात ठेवावी अशी आहे.

विशाखा ते २०१३ चा कायदा : बाह्य सदस्य

१३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालाने कामाच्या ठिकाणी तक्रार समिती अनिवार्य केली. वरिष्ठांकडून दबाव येऊ नये, हे कारण स्पष्टपणे नोंदवून समितीत बिगरसरकारी संस्थेचा किंवा या विषयाची जाण असलेला त्रयस्थ असावा असे न्यायालयाने सांगितले. समित्या कागदावरच राहतात, ही तक्रार पुण्याच्या आलोचना संस्थेशी संबंधित मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयात नेली. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानावा, हा २००४ चा आदेश त्याच प्रकरणातला. अंतिम निकाल १९ ऑक्टोबर २०१२ रोजी लागला आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला.

या कायद्यातील बाह्य सदस्याची तुलना १९८२ च्या तज्ज्ञाशी केली असता अंतर ध्यानात येते. बाह्य सदस्याची नेमणूक नियोक्ताच करतो. नियमांनुसार त्याचा भत्ता दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च, तोही नियोक्ताच देतो. चौकशीच्या वेळी अध्यक्षेसह किमान तीन सदस्य उपस्थित असावेत एवढीच अट आहे. त्या तिघांत बाह्य सदस्य असलाच पाहिजे, असे नियम म्हणत नाही. म्हणजे ज्या व्यक्तीमुळे समितीला त्रयस्थपण येते, तिच्या अनुपस्थितीतही कामकाज विधिवत होऊ शकते. समिती स्थापन न केल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. स्थापन केलेली समिती निष्प्राण असेल तर काय, याचे उत्तर शोधावे लागते.

भरपाईच्या बाबतीतही हेच. दोष सिद्ध झाल्यास रक्कम दोषी व्यक्तीच्या वेतनातून वळती करण्याची तरतूद आहे. संस्थेच्या निष्काळजीपणाबद्दल संस्थेने पीडितेला काही द्यावे, असा विचार या कलमात नाही. आयर्लंडमध्ये निवासी संस्थांतील मुलांवरील अत्याचारांसाठी २००२ च्या कायद्याने स्वतंत्र भरपाई मंडळ स्थापन झाले. ऑस्ट्रेलियात जुलै २०१८ पासून राष्ट्रीय भरपाई योजना आली आणि तीत जबाबदार संस्थांना वाटा उचलावा लागतो. दोन्ही योजनांवर टीकाही झाली. तरी संस्था स्वतः ऋणको आहे, हे तेथे मान्य झाले आहे.

चौकशी समितीच्या घाईचाही विचार करणे आवश्यक आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी बडतर्फीची कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा समितीकडे पाठविली. आरोपीला बाजू मांडण्यास पुरेसा अवकाश मिळाला नव्हता. २००९ मधील तक्रारी चौदा वर्षांनी पुन्हा आरंभाच्या जवळ येऊन थांबल्या. याचा सर्वांत मोठा भार तक्रारकर्त्यांवरच पडला असणार. कायद्याची प्रक्रिया जाणणारा आणि कोणालाही बांधील नसलेला सदस्य समितीत असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते, हा कोल्हापूर प्रकरणाचाच धडा येथे वेगळ्या रूपात दिसतो.

तालुक्याच्या गावातील अडचण

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी प्राचार्य, कुलगुरू इत्यादी वरिष्ठ प्रशासकांना समितीचे सदस्यत्व नाकारले, ही मोठी सुधारणा होय. परंतु शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूर या परिसरात 'बाहेरचा' म्हणजे कोण? येथे शिक्षण संस्था, साखर कारखाना, पतसंस्था आणि पंचायत यांतील माणसे नात्यागोत्याने व व्यवहाराने परस्परांशी जोडलेली असतात. नियमांनुसार पाच वर्षांचा अनुभव असलेले समाजकार्यकर्ते किंवा कायदा जाणणारी व्यक्ती चालते. गावातील वकील बहुधा संस्थेच्याच एखाद्या संचालकाचे वकील असतात. कागदोपत्री ते त्रयस्थच ठरतात. मुलगी तक्रार घेऊन येते तेव्हा समोर बसलेली व्यक्ती आपल्या वडिलांच्या परिचयाची आहे, हे तिला दारातूनच कळते.

उसाच्या फडात किंवा दहापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणी राबणाऱ्या स्त्रीची स्थिती याहून बिकट आहे. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. कायद्याने प्रत्येक तालुक्यात एक समन्वय अधिकारी नेमून तक्रार सात दिवसांत पुढे पाठविण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. हंगाम संपताच मराठवाड्यात परतणाऱ्या मजूर स्त्रीला हा अधिकारी कोणत्या कार्यालयात बसतो, हे कोणी सांगायचे, हा प्रश्न उरतोच.

जिल्हा पातळीवर बाह्य सदस्यांची एक सामाईक यादी असावी, दोन तालुक्यांनी परस्परांचे सदस्य अदलाबदलीने घ्यावेत, नियुक्ती आणि भत्ता यांची जबाबदारी विद्यापीठाने उचलावी, आणि बाह्य सदस्याच्या उपस्थितीशिवाय जबाब नोंदवू नये, अशा उपाययोजनांचा विचार होऊ शकतो. यांपैकी शेवटच्या गोष्टीसाठी कायदादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयाची समिती आपल्या पहिल्याच बैठकीत तसा ठराव करू शकते.