‘हलाल नफा’ म्हणजे काय? कमावत्या मुलामुलींनी आधी हे तपासावं

पहिला पगार खात्यात आला की व्याज टाळणाऱ्या घरातल्या मुलामुलींना प्रश्न पडतो: एफडी नको, मग पैसा ठेवायचा कुठे? कुणी तो खात्यात तसाच पडू देतं, कुणी सोनं घेतं. नेमका याच वेळी ओळखीतला कुणीतरी ‘हलाल स्कीम’ घेऊन येतो.

बंगळुरूचं आयएमए प्रकरण आठवा. कंपनीने गुंतवणूकदारांना ठेवीदार न म्हणता भागीदार म्हटलं आणि दरमहा ‘नफा’ वाटला. जून २०१९ मध्ये मालक मन्सूर खान दुबईला निघून गेला. जुलैत परतल्यावर दिल्ली विमानतळावर त्याला अटक झाली, पण तोवर हजारो कुटुंबांची पुंजी अडकली होती.

खरं तर शरियतचा साधा नियमच इथे कामी आला असता. मुदारबा असो की मुशारका, भागीदारीत नफ्याचं प्रमाण ठरवता येतं, रक्कम नाही. तोटा झाला तर भांडवल लावणाऱ्यालाही तो सोसावा लागतो. त्यामुळे लाखामागे महिन्याला अमुक हजार ‘पक्के’ असं कुणी सांगितलं, तर ते एक तर व्याज आहे किंवा फसवणूक. कधी कधी दोन्ही! पत्रकावर कुणाचा फोटो आहे, उद्घाटनाला कोण आलं होतं, याने काही फरक पडत नाही.

कायद्यानेही तपासता येतं. लोकांचे पैसे गुंतवणाऱ्याची नोंदणी सेबीच्या वेबसाइटवर शोधा. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर बेकायदा ठेवींची तक्रार करता येते. अशा ठेवी घेण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

मग पर्याय? टाटा एथिकल फंडासारखे शरियत निकषांवर चालणारे म्युच्युअल फंड आपल्याकडे आहेत. दारू, जुगार, व्याजावर चालणाऱ्या बँका आणि डोईजड कर्ज असलेल्या कंपन्या त्यात वगळतात. तरीही कंपन्यांच्या उत्पन्नात व्याजाचा थोडा अंश येऊ शकतो. तेवढा हिस्सा सवाबची नियत न करता गरिबांना द्यावा, असं अनेक उलेमा सांगतात. हिशेब कसा करायचा ते आपल्या मुफ्तींना विचारून घ्या.

हे फंड शेअर बाजारातले आहेत, भाव खाली जातो तेव्हा आपले पैसेही कमी होतात. दोन वर्षांनी बहिणीच्या लग्नाला लागणारी रक्कम इथे टाकू नका.